झोपेच्या कपाटाची किल्ली

परवा फोनवर थोरलीने मला विचारलं, "आजी, तुमच्या जव्हारच्या दवाखान्यात सेप्सिसच्या पेशंटला झोपेचं कुठलं औषध द्यायचे?"

मी म्हणाले, "बहुतेक वेळा कुठलंच नाही. त्या औषधांच्या कपाटाची किल्ली डॉक्टरांच्या गळ्यात असायची."

तिला वाटलं आजीने विनोद केला. मग धाकट्याने मध्येच तोंड घालून विचारलं की सेप्सिस म्हणजे काय, तेवढ्यात तिची ड्यूटीची वेळ झाली आणि फोन संपला. म्हणून हे लिहिते आहे. दोघांनीही वाचा. थोरली तिकडे अतिदक्षता विभागात काम करते, तेव्हा तिला माझ्या सांगण्यात काही चूक सापडली तर तिने ती पेन्सिलीने बाजूला लिहावी. पण आधी शेवटपर्यंत वाचावं.

किल्ली खरोखरच गळ्यात होती. बुटाच्या नाडीत ओवलेली, सदऱ्याच्या आत. डॉक्टर कुणाला तपासायला वाकले की ती बाहेर लोंबायची आणि लहान मुलं ती पकडायची. मी त्या दवाखान्याची मुख्य सिस्टर. माझं शिक्षण इंग्रजी शाळेत झालं आणि नर्सिंगचं प्रशिक्षण अशा मेट्रनच्या हाताखाली झालं, की चादरीची घडी वाकडी दिसली तर ती अख्खी खाट पुन्हा लावायला सांगायची. माझ्या वॉर्डात दुपारच्या विश्रांतीच्या वेळी टाचणी पडली तरी ऐकू यावी असा माझा आग्रह असे. आणि हे गृहस्थ नेमके त्याच वेळी गमबूट घालून फेरीला यायचे. गमबूट बाराही महिने. पावसाळ्यात चिखल म्हणून, हिवाळ्यात विंचू म्हणून, आणि उन्हाळ्यात का, असं विचारलं तेव्हा म्हणाले, "आता सवय मोडली तर पाय रुसतील."

फेरीत ते कुणालाही "कसं वाटतंय?" असं विचारत नसत. त्यांचं म्हणणं, या प्रश्नाला माणूस मरेपर्यंत "बरं हाये" एवढंच सांगतो. त्याऐवजी ते भलतंच काही विचारत. "तुझ्या गावच्या शाळेचं दार कुठल्या अंगाला?" "काल भाजी कसली होती?" "तुझ्या बैलाचं नाव काय?" आणि प्रत्येक पेशंटला महाराज म्हणायचे, बायकांना राणीसाहेब. जव्हार हे जुन्या संस्थानाचं गाव, तेव्हा तिथे या शब्दांना वजन होतं. एकदा खरोखरच जुन्या दरबारी घराण्यातले एक आजोबा पोट दुखतं म्हणून दाखल झाले होते. डॉक्टरांनी त्यांना आणि शेजारच्या खाटेवरच्या गवंड्याला एकाच दमात विचारलं, "काय महाराज, लघवी झाली?" दोघेही "हो" म्हणाले. आजोबा दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

वावर गावचा एक म्हातारा होता, न्यूमोनियाचा. त्याला डॉक्टरांनी विचारलं, बायकोचं नाव काय? म्हातारा म्हणाला, "कोणत्या बायकोचा? सात हायेत." म्हाताऱ्याची एकुलती एक बायको पायाशी बसली होती. तिने त्याच्या पायाला असा चिमटा काढला की तो ओरडला. डॉक्टर मात्र खूश. "सिस्टर, याचा ऑक्सिजन कमी करा. जो इतकं पटकन खोटं बोलतो त्याच्या मेंदूला रक्त भरपूर आहे."

तेव्हा आमच्याकडे तुमच्यासारखे पडदे नव्हते, ज्यावर आकडे आणि हिरव्या रेषा धावतात. बी.पी.चं यंत्र होतं, थर्मामीटर होता, लघवीची पिशवी होती. चौथं यंत्र म्हणजे पेशंटचं बोलणं, असं डॉक्टर मानायचे. म्हणून ते बंद करणाऱ्या औषधांवर त्यांचा एवढा पहारा.

मात्र त्यांना औषधांचं वावडं होतं असं समजू नका. आकडी आलेलं मूल आलं तर ते गमबूट वाजवत धावत यायचे आणि गळ्यातली नाडी न काढताच, मान वाकडी करून कपाट उघडायचे. धनुर्वाताच्या पेशंटला डायझेपाम देताना हात आखडता घेत नसत. तिथे झोप म्हणजेच उपचार. आणि दुखण्यावरच्या औषधात कंजुषी केलेली दिसली तर मला भर वॉर्डात बोलायचे. त्यांचा राग होता तो पेशंट ओरडतो म्हणून, आपल्याला त्रास होतो म्हणून, त्याला झोपवण्यावर. मी किल्ली मागायला गेले की ते आधी विचारत: दुखतंय का? तहान लागलीय का? श्वास पुरतोय का? लघवी तुंबलीय का? एकदा हर्नियाच्या ऑपरेशननंतर एका गुरुजींनी मारामारी सुरू केली. एका वॉर्डबॉयच्या हाताला ते चावले. सगळे म्हणाले, भूल डोक्यात गेली. डॉक्टरांनी त्यांच्या ओटीपोटावर हात ठेवला आणि नळी घालायला सांगितली. भांडं भरलं, आणि गुरुजी घोरायला लागले. डॉक्टर मला म्हणाले, "याला तुम्ही इंजेक्शन देणार होतात. म्हणजे आग लागली म्हणून दार वाजवणाऱ्याचेच हात बांधायचे."

आता धाकट्याच्या प्रश्नाचं उत्तर. सेप्सिस म्हणजे काय, हे मलाही पुस्तकातून कळलं होतं त्यापेक्षा जास्त डॉक्टरांकडून कळलं, चहा पिताना. ते कोरा चहा प्यायचे, गवती चहा घालून, आणि त्यात नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी बुडवायचे. ते बघवत नसे, म्हणून मी खिडकीबाहेर बघत ऐकायची. ते म्हणाले, "अंगात कुठेतरी जंतू शिरतात. चोर समजा. चोर दोन-चारच असतात. पण घरच्यांनी बोंब ठोकली, सगळे पेटत्या काठ्या घेऊन धावले, आणि त्यांच्याच काठ्यांनी गवताचं छप्पर पेटलं. चोर राहिला बाजूला. ही अंगभर पसरलेली सूज, हा सेप्सिस. रक्तवाहिन्या गळायला लागतात, बी.पी. पडतं, मूत्रपिंडं बंद पडतात, माणूस बरळतो."

"मग झोपेच्या औषधाने ती आग वाढते की कमी होते?" मी विचारलं.

त्यांनी भाकरीचा तुकडा तसाच हातात धरला. "कुणाला माहीत, सिस्टर? मुंबईचा मित्र जुनी मासिकं पाठवतो त्यात शोधतो मी. एखादं औषध काठ्यावाल्यांना शांत करत असेल. एखादं आतल्या राखणदारांनाच झोपवत असेल, मग चोराला रान मोकळं. आपण म्हणतो पेशंटला झोपवलं. आत कोण कोण झोपलं ते आपल्याला दिसतं का?"

ही गोष्ट वावर-वांगणीकडे कुपोषणाने मुलं दगावली त्याच्या नंतरच्या दोन-तीन वर्षांतली. थोरली सांगते की आता तिकडे पेशंटला शक्य तितकं हलकंच झोपवतात, आणि कुठलं औषध सूज कमी करतं यावर अजून शोध चालू आहे, वाद चालू आहे. मला हे ऐकून फार बरं वाटलं. आमच्या माणसाने चहा आणि भाकरीवर प्रश्न बरोबर विचारला होता.

आणि आता वांगणीच्या राणीसाहेबांची गोष्ट.

नागली पिकायला आली होती. सकाळच्या जीपमधून एका तरुण बाईला आणलं. नवऱ्याने तिला पाठुंगळी घेतलं होतं, मागे सासू, सासूच्या कडेवर दोन-अडीच महिन्यांचं मूल. बाळंतपणानंतर छातीत गाठ होऊन पिकली होती. त्यावर गावात पाला बांधून झाला होता. ताप अंगात मावत नव्हता, डोळे लाल, श्वास भराभर. डॉक्टरांनी लगेच पू काढला, सलाईन लावलं, पेनिसिलिन, जेंटामायसिन, जे होतं ते सगळं सुरू केलं. पण बी.पी. वर यायला तयार नव्हतं, आणि बाईचं भान गेलेलं.

सासूच्या डोळ्यांत एकच प्रश्न होता, "ही जगली तं पोर जगल ना, डाक्टर?" तिने ते मोठ्याने विचारलं नाही. वांगणीकडच्या माणसाला त्या वर्षांत हा प्रश्न मोठ्याने विचारावाच लागत नसे. आईचं दूध तुटलं तर इतक्या लहान मुलाला पोसायला त्यांच्या घरात भाताची पेज होती, दुसरं काही नव्हतं. मूल सासूच्या खांद्यावर तोंड घासत होतं आणि त्याला काही सापडत नव्हतं.

दुपारी बाई ओरडायला लागली. साधं कण्हणं नव्हे. उठून बसायची, हात गोल फिरवायची, आणि छाती भरून ओरडायची, "हाऽऽ हुर्रर्रऽऽ! हूऽऽ!" मग थांबून कान द्यायची. पुन्हा, अधिक जोरात. सलाईनची सुई दोनदा निघाली. शेजारच्या खाटेवरची, पोटाला टाके घातलेली बाई रडकुंडीला आली. माझ्या विश्रांतीच्या वेळेचं काय झालं ते सांगत नाही. मी किल्ली मागायला गेले.

डॉक्टरांनी ठरलेले प्रश्न विचारले. दुखण्यावरचं दिलेलं होतं, पाणी पाजलं होतं, नळी घातलेली होती, ऑक्सिजन चालू होता. कुठलंच उत्तर बसेना. मग ते सासूकडे वळले. "आई, ही कुणाला हाक मारते?"

सासूला त्यात विचारण्यासारखं काही वाटलं नाही. "राखणीला बसलीय ती. पोपटां हाकलते. पल्याडच्या माळ्यावं तिची नणंद असतं. ही हाक देल, तिनं होका देवाला पाहिजे. नाय दिला तं हिला वाटल नणंद झोपली, नायतं पडली. मग ही उतरून बगाला जाल."

बाई दोनदा खाटेवरून का उतरू बघत होती ते मला तेव्हा कळलं.

डॉक्टरांनी खाटेशी उभं राहून "हूऽऽ" केलं. बाई दचकली आणि त्यांच्या दिशेने तिने असा हात भिरकावला, की हातात गोफण असती तर दगड कपाळात बसला असता.

सासू हसली. त्या दिवसातलं तिचं पहिलं हसू. "इतक्या जवळून कोन होका देतं? ती तुला डुक्कर समजली."

"लांबून पाहिजे होय?" असं म्हणून डॉक्टर वॉर्डातून बाहेर पडले, व्हरांडा ओलांडून अंगणाच्या टोकाला आंब्याखाली गेले, आणि तिथून दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडले, "हूऽऽऽऽ!"

आत बाईने ऐकलं. मान हलवली. आणि उशीला टेकून बसली. पुन्हा थोड्या वेळाने तिने हाक दिली, पुन्हा आंब्याखालून होका आला. सुई जागेवर राहिली. ऑक्सिजनची नळी जागेवर राहिली. टाक्यांची बाई म्हणाली, "बाई ग, आता तरी बरी हाये." डॉक्टर दमले की नवरा जायचा. नवरा दमला की ओपीडीच्या रांगेतला कुणीतरी. त्या रांगेत बसलेल्या निम्म्या माणसांचं आयुष्य शेतातल्या असल्या राखणीच्या माळ्यांवर गेलं होतं, त्यांना शिकवावं लागलं नाही. एक मोखाड्याकडचे आजोबा तर स्वतःची कंबर दाखवायला आलेले विसरून आंब्याखालीच ठाण मांडून बसले आणि म्हणाले, "डाक्टर, तुमचा होका मांजरासारखा हाये. पल्ला नाय. मी देतो."

नेमके अशा वेळी मोठे साहेब आले.

आमच्या दवाखान्यावर देखरेख ठेवणारे हे वरिष्ठ डॉक्टर. मूळचे सर्जन, पण बरीच वर्षं बैठकांतच गेलेली. ते जीपमधून उतरले तेव्हा त्यांचा डॉक्टर गमबूट घालून झाडाखाली उभा राहून पोपट हाकलत होता. साहेब तडक वॉर्डात आले, बाईला नीट तपासलं, कागद बघितले. ते मूर्ख नव्हते, हे मला मुद्दाम सांगायचं आहे.

"हिला शांत का केलं नाही?" त्यांनी विचारलं.

"शांत आहे साहेब. हाक मारते, उत्तर आलं की बसते."

"हे शांत? अंगात इतका ताप, नाडी इतकी, आणि वर ही मेहनत. आहे तो प्राणवायू ओरडण्यात चाललाय. दहा मिलिग्रॅम डायझेपाम द्या, पडून राहील."

"पडूनच राहील," डॉक्टर म्हणाले. "बी.पी. आताच काठावर आहे, ते आणखी उतरेल. श्वास मंदावला तर श्वास देणारं यंत्र कुठाय? नाशिकला. घाटातून तिथवर ही जायची नाही. आणि साहेब, ती हाक हे माझं मीटर आहे. ती कान देते, वाट बघते, उत्तर आलं की तिला कळतं. म्हणजे मेंदूला रक्त जातंय. ते मीटर मी बंद करू? दुसरं आहे का माझ्याकडे?"

"आणि ही ओरडत ओरडत गेली तर? इथे प्रत्येक मरणाची चौकशी होते हल्ली. लोक म्हणतील, बाई तडफडत होती आणि डॉक्टर झाडाखाली गाणी म्हणत होता."

"म्हणू देत."

"तुम्हाला म्हणू देत. उत्तर मला द्यावं लागतं."

डॉक्टरांनी गळ्यातली नाडी डोक्यावरून काढली आणि किल्ली साहेबांपुढे धरली. त्यांना ती काढताना मी पहिल्यांदा बघितलं. मानेवर नाडीचा पांढरा पट्टा उमटलेला होता. "घ्या. तुम्ही माझ्यापेक्षा मोठे आहात, तुम्ही द्या. पण मग तिच्या उशाशी तुम्हीच बसा. ती गप्प झाली की त्या गप्प होण्याचा अर्थ मला लावता येणार नाही."

सगळा वॉर्ड बघत होता. सासूला त्यातलं सगळं कळलं नसेल, पण कपाट आणि किल्ली कळली. ती मूल घेऊन कपाटापुढे जाऊन उभी राहिली.

साहेबांनी किल्ली घेतली नाही. त्यांनी स्टूल ओढलं आणि बाईच्या खाटेशी बसले. "दिवे लागेपर्यंत," ते म्हणाले. "तोवर उतार पडला नाही तर मी देणार."

मग सगळी दुपार तसंच चाललं. आतून हाक, बाहेरून होका. साहेब घड्याळ बघायचे, नाडी बघायचे. एकदा हाक आली आणि होका यायला उशीर झाला, आजोबा तंबाखू मळत होते. बाई पुन्हा ओरडली, खाटेच्या कडेला आली. साहेब घाईने उठले आणि दाराकडे तोंड करून गरजले, "अरे उत्तर द्या कुणीतरी!" मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चादरीची घडी सारखी केली.

उन्हं कलली आणि हाक थांबली.

वॉर्डात एकदम गार पाण्यासारखी शांतता पसरली. टाक्यांची बाई म्हणाली, "झोपली बिचारी." नवऱ्याने हात जोडले. साहेबांनीही सुस्कारा सोडला, "बघा, औषधाशिवायच झोपली. तुम्ही जिंकलात." बाई डोळे मिटून पडली होती, चेहरा निवांत. मलासुद्धा, इतकी वर्षं वॉर्डात काढून, वाटलं की बरं झालं.

बाहेरून गमबुटांचा आवाज आला. डॉक्टर धावत आत आले. "हाक का थांबली?"

"झोपलीय," चार जण एकदम म्हणाले.

"सांगितलं होतं मी तिला झोपायला? पोपट असताना राखणदार झोपतो?" त्यांनी तिचा हात धरला. हात गार होता, बोटं निळसर. बी.पी. लागेना. लघवीची पिशवी कोरडी. त्यांनी तिच्या कानाशी तोंड नेऊन होका दिला. पापणीसुद्धा हलली नाही.

नंतर कितीदा मी मनाशी म्हटलं आहे: इंजेक्शन दिलेलं असतं तर आम्ही सगळ्यांनी हीच निवांत मुद्रा बघून पांघरूण सारखं केलं असतं आणि दिवे मंद केले असते.

पुढचं फार वेगाने झालं. दोन्ही हातांना सलाईन, पूर्ण वेगाने. बी.पी. चढवणारं औषध मोजकंच होतं, तेही लावलं. डॉक्टर पुन्हा छाती तपासत होते, सकाळचा पट्टी बांधलेला भाग सोडून खाली, बरगडीच्या बाजूला बोटं दाबत. एका जागी थांबले. "साहेब, इथे बघा. खोल."

साहेबांनी बोट ठेवलं. ते एकदम बैठकांतले साहेब राहिले नाहीत. "आत दुसरं कोठार आहे. पार मागच्या भिंतीला. सकाळी तिथपर्यंत बोट पोचलंच नसेल."

"नाही पोचलं," डॉक्टर म्हणाले. "आत्ता काढायला हवं. भूल मी देतो. पण मला एकाच वेळी श्वास बघायचा आणि कापायचं, दोन्ही जमणार नाही."

साहेबांनी घड्याळ काढून माझ्या हातात दिलं आणि बाह्या दुमडल्या. "सिस्टर, हातमोजे. साडेसात नंबर."

डॉक्टरांनी मला किल्ली दिली. "केटामिन आणा. थोडंसंच." धाकट्या, हे भुलेचं औषध असं की माणूस गुंगतो, पण त्याचा श्वास बहुतेक चालू राहतो आणि बी.पी. बाकीच्या औषधांसारखं कोसळत नाही. आमच्यासारख्या ठिकाणी तेच देवासारखं. एक खोड मात्र आहे त्याला, गुंगीत स्वप्नं फार पडतात, काही वेळा भयंकर. डॉक्टर म्हणायचे, जाताना जे कानावर पडतं त्याचंच स्वप्न होतं. म्हणून सुई टोचण्याआधी त्यांनी सासूला जवळ बोलावलं. "हिला सांगा काहीतरी. चांगलं."

सासू वाकली आणि सुनेच्या कानात म्हणाली, "पोपट गेलं ग. सगलं गेलं. नागली राहली. आता घरा ये."

साहेबांनी सुरी चालवली. इतक्या वर्षांनी, पण एकाच सरळ रेषेत. बशी भरली, दुसरी मागवावी लागली. वास असा की नवरा भिंत धरून बाहेर गेला. साहेब स्वतःशीच पुटपुटत होते, "ये, ये बाहेर, सगळा ये," आणि डॉक्टर तिची हनुवटी उचलून धरून एकेक श्वास ऐकत होते. गमबूट, गळ्यात काही नाही, घामाने सदरा पाठीला चिकटलेला.

पट्टी बांधून झाली तेव्हा मी बी.पी. घेतलं. लागलं. पुन्हा घेतलं, कारण माझा विश्वास बसला नाही. मग पिशवीत थेंब आला. थोरलीला कळेल त्या थेंबाचं मोल. आम्ही तिघं त्या पिशवीकडे असं बघत उभे होतो जसं कुणी तिथे आरती करतंय.

सकाळी मी पट्ट्या मोजत होते आणि डॉक्टर व्हरांड्यातल्या बाकावर तोंड उघडं टाकून झोपले होते. मोखाड्याचे आजोबा कंबर न दाखवताच मुक्कामी राहिले होते. त्यांनी आंब्याखाली बसून, अजून गरज आहे की नाही ते कुणाला न विचारता, सवयीने होका दिला, "हूऽऽऽऽ!"

खाटेवरून खणखणीत आवाज आला. "कोन रं तो? सकाली सकाली बोंबलतो काय? दवाखाना हाये का कोंबड्यांचा खुराडा?"

मी वळले. बाई उठून बसली होती. डोळे पांढरे स्वच्छ. केस सारखे करत ती सासूला विचारत होती, इथं कोणी शिस्त लावत नाही का. बाळांनो, मला त्या बाईचा पाय धरावासा वाटला.

मी डॉक्टरांना हलवून उठवलं. ते आले, डोळे चोळत, आणि सवयीप्रमाणे विचारलं, "राणीसाहेब, तुमच्या नणंदेचं नाव काय?"

"तुला काय कराचा माझ्या नणंदेचा?" बाई कडाडली. "लगीन झालंय तिचा."

वॉर्डात जे हसू फुटलं त्याने टाक्यांची बाई पोट धरून "अगं आई, टाका, टाका" करत राहिली. डॉक्टरही हसत होते, पण त्यांचे डोळे भरले होते आणि ते पुसायला त्यांनी गमबुटाचा चिखल बघण्याचं निमित्त केलं. साहेब विश्रामगृहावरून परत आले होते, ते दारातच थांबले.

"माझा पोर कुठं हाये?" बाईने विचारलं.

सासूने मूल तिच्या मांडीवर दिलं, दुसऱ्या बाजूला. मूल एवढं दमलं होतं की त्याला आधी कळलंच नाही. त्याने तोंड लावलं, सोडलं, कण्हलं. ज्या वॉर्डात शांतता नको म्हणून या माणसाने माझ्याशी वर्षानुवर्षं भांडण केलं, तिथे डॉक्टरांनी बोट ओठांवर ठेवून मागे वळून सगळ्यांना दटावलं, "श्श! कुणी बोलायचं नाही." आजोबांचा होका निम्म्यातच राहिला. कुणी हलेना. साहेबसुद्धा एका पायावर भार टाकून तसेच उभे राहिले.

मग ऐकू आलं. चुटुक. चुटुक, चुटुक. आणि मूल नाकाने घाईघाईने श्वास घेत गिळायला लागलं.

बाईने मान वर केली. तिच्या खाटेभोवती एक डॉक्टर, एक साहेब, एक सिस्टर, नवरा, दारात आजोबा, आणि अर्धी ओपीडी उभी होती.

"काय बगता?" ती म्हणाली. "पोराला पाजतेय. चला, निंगा सगली."

आणि आम्ही सगळे, मोठ्या साहेबांसकट, निमूटपणे बाहेर गेलो.